ब्याऐंशीव्या वर्षी बोहल्यावर कशाला चढायचं?

जानेवारी २०१३. दोन वयस्क गृहस्थ होनोलुलूहून विमानात बसले, चार हजारांहून जास्त किलोमीटरचा समुद्र ओलांडून सिअ‍ॅटलला उतरले आणि १५ तारखेला तिथल्या फेअरमाँट ऑलिंपिक हॉटेलात एका न्यायाधीशासमोर त्यांनी लग्न केलं. एकाचं वय ८२, दुसऱ्याने साठी ओलांडलेली. एकमेकांच्या सोबतीने राहायला लागून ३८ वर्षं झाली होती. आपल्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणाले असते. इथे तर वरात जाऊन, मंडप सुटून जमाना झाला होता.

महिना संपता संपता हवाईतल्या एका वृत्तवाहिनीने बातमी दिली आणि ती अमेरिकाभर झाली, कारण ते ८२ वर्षांचे गृहस्थ होते जिम नेबर्स.

ज्या अमेरिकनाच्या घरी १९६०च्या दशकात टीव्ही होता त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. आपल्याला लागतं. नेबर्स १९३० साली अलाबामा राज्यातल्या सिलाकॉगा या लहानशा गावात जन्मले. दम्याने बेजार होते, म्हणून हवापालट करायला लॉस एंजेलिसला आले. दिवसा एनबीसी वाहिनीत फिल्मची काटछाट करायची आणि रात्री सँटा मोनिकातल्या एका क्लबात गायचं, असं चाललं होतं. तिथे अभिनेते अँडी ग्रिफिथ यांनी त्यांना हेरलं आणि १९६२ साली आपल्या गाजत्या विनोदी मालिकेत गोमर पाइल नावाची भूमिका दिली. गावातल्या पेट्रोल पंपावरचा साधाभोळा पोरगा, बोलणं गावरान आणि कशाचंही नवल वाटणारं. गोमर इतका आवडला की १९६४ मध्ये सीबीएस वाहिनीने त्याची स्वतंत्र मालिका काढली. ‘गोमर पाइल, यूएसएमसी’मध्ये हा भोळा सांब थेट मरीन दलात भरती होतो आणि रोज आपल्या सार्जंटला वात आणतो. पाच वर्षं, दीडशे भाग. बाहेर व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, पण मालिकेत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

गंमत म्हणजे बोलताना नाकात बोलणारा हा माणूस गायला लागला की भारदस्त, खर्जातला आवाज निघायचा. इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध मोटारशर्यतीआधी इंडियाना राज्यावरचं एक गाणं म्हणायला त्यांना १९७२ पासून बोलवायला लागले, ते थेट २०१४ पर्यंत. अधूनमधून एखादं वर्ष चुकलं असेल तेवढंच.

म्हणजे या माणसाचं सगळं भांडवल निरागसपणा हे होतं. आईवडिलांनी मुलांना बिनदिक्कत दाखवावा असा चेहरा. आता ज्या काळात हा चेहरा पडद्यावर होता तो काळ बघा. समलिंगी संबंध हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गुन्हा होता. तो रद्द करणारा पहिला कायदा इलिनॉय राज्याने १९६१ साली केला. हॉलिवूड ज्या कॅलिफोर्नियात आहे तिथे १९७५ उजाडलं. नेबर्स यांच्या जन्मराज्यात तर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे असे कायदे मोडीत काढले तेव्हाच तो कायदा निकामी झाला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर १९७३ पर्यंत समलैंगिकता आजारांच्या यादीत ठेवली होती. ‘तेव्हा का नाही बोलले’ असं विचारणाऱ्यांनी ही सनावळी एकदा डोळ्यांखालून घालावी.

आणि नेबर्स यांना तर न केलेल्या लग्नाचीही किंमत मोजावी लागली. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही जणांनी आपल्या वार्षिक जमावासाठी थट्टेची निमंत्रणं धाडली: रॉक हडसन आणि जिम नेबर्स यांच्या विवाहाला यायचं हं. पुढची कोटी अशी की लग्नानंतर हडसन ‘रॉक पाइल’ होणार. हडसन म्हणजे त्या काळचा देखणा नायक. थट्टा थट्टेत राहिली नाही, अफवा देशभर पसरली आणि लोकांना ती खरी वाटली. दोघे एकमेकांचे मित्र होते. त्यानंतर एकत्र दिसायची सोय उरली नाही. त्यांनी एकमेकांशी बोलणंच सोडलं. १९७१ मध्ये नेबर्स यांचा गाण्या-विनोदाचा कार्यक्रम बंद पडला, त्याचा संबंध काही जण या अफवेशी जोडतात. मला ते पटत नाही. त्या वर्षी सीबीएसने गावरान बाजाचे जवळजवळ सगळेच कार्यक्रम एका झटक्यात बंद केले होते. पण मैत्री गेली ती त्या अफवेनेच.

१९७५ मध्ये होनोलुलूच्या अग्निशमन दलातल्या एका जवानाशी त्यांची ओळख झाली. तोच पुढे ३८ वर्षांचा जोडीदार आणि शेवटी नवरा. नेबर्स हवाईतच स्थायिक झाले, माउई बेटावर मॅकाडेमिया या बदामासारख्या फळाची बाग केली. हे नातं मित्रांना, सहकाऱ्यांना माहीत होतं. वर्तमानपत्रांना मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही आणि वर्तमानपत्रांनीही छापलं नाही.

मग ८२व्या वर्षी लग्न कशाला? बातमी बाहेर आल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा: लाज कधीच वाटली नाही, पण ही आमची खासगी बाब होती. आणाभाका तर ३८ वर्षांपूर्वीच झाल्या होत्या. पण जोडपं म्हणून आम्हाला कसलेच हक्क नव्हते. इतकी वर्षं झाल्यावर काहीतरी पक्कं करून ठेवायला हवं, माझ्या वयात तर हवंच.

यातला ‘हक्क’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि प्रेम-बीम बाजूला ठेवून तोच नीट समजून घ्यायचाय.

आपण लग्नाकडे सोहळा म्हणून बघतो किंवा नातं म्हणून. सरकारी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलं तर लग्न म्हणजे एक किल्ली आहे, आणि त्या एका किल्लीने शेकडो कुलपं उघडतात. किती? अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनीस कार्यालयाने २००४ मध्ये मोजदाद केली तेव्हा केंद्रीय कायद्यांत अशा १,१३८ तरतुदी सापडल्या, जिथे माणूस विवाहित आहे की नाही यावर काहीतरी ठरतं. कर, पेन्शन, सैनिकांच्या सवलती, परदेशी जोडीदाराला राहण्याचा परवाना, असं काय काय. यात राज्यांचे कायदे धरलेलेच नाहीत.

इथे हुशार माणूस विचारतो: मृत्युपत्र करावं, मुखत्यारपत्र करावं, काम झालं. लग्नच कशाला?

उत्तर असं की मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र हे तुमच्या इच्छेचे कागद. ‘माझं घर याला द्या’, ‘माझ्या वतीने याने सही करावी’ एवढं त्यांत लिहिता येतं. पण ‘आयकर खात्याने याच्याकडून कर घेऊ नये’ किंवा ‘पेन्शन कार्यालयाने माझ्यामागे याला पैसे द्यावेत’ असं तुम्ही मृत्युपत्रात कितीही सुवाच्य अक्षरात लिहा, खातं ते वाचायलाही बांधील नाही. लग्न तिसऱ्याला बांधतं. खरा फरक तोच. आपल्याकडे घरोघरी याचा एक धाकटा भाऊ भेटतो: बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावलं की पैसे आपले, अशी समजूत. नॉमिनी पैसे हातात घेतो, पण बहुतेक बाबतींत तो वारसांचा विश्वस्त असतो, मालक नव्हे. कागद आहे, पण नात्याची जागा तो घेत नाही.

कराचं उदाहरण घेऊ, कारण तिथे आकडाच बोलतो. अमेरिकेत माणूस गेला की त्याच्या मालमत्तेवर, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर, केंद्राचा इस्टेट टॅक्स लागतो. (आपल्याकडेही इस्टेट ड्युटी होती, १९८५ मध्ये गेली.) पण नवऱ्याची मालमत्ता बायकोला किंवा बायकोची नवऱ्याला गेली तर हा कर शून्य, रक्कम कितीही असो. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिआ स्पायर चाळीसहून जास्त वर्षं एकत्र होत्या, २००७ मध्ये त्यांनी कॅनडात लग्नही केलं होतं. २००९ मध्ये स्पायर वारल्या. सगळं विंडसर यांना मिळालं, आणि त्यासोबत ३,६३,०५३ डॉलरचं कराचं बिल. का? तर १९९६च्या एका केंद्रीय कायद्यानुसार ‘विवाह’ म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, बाकी सगळे परके. मयत व्यक्तीचं नाव थिआऐवजी थिओ असतं तर एक डॉलरही भरावा लागला नसता. विंडसर यांनी हाच मुद्दा घेऊन सरकारला कोर्टात खेचलं. हा खटला लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

दवाखान्याचं तसंच. नेबर्स यांच्यावर १९९४ मध्ये यकृताचं प्रत्यारोपण झालं. (यकृत बिघडण्याचं मूळ भारतात होतं: इथल्या प्रवासात दाढीच्या वस्तऱ्याने कापलं आणि त्यातून हेपॅटायटिस बी झाला, असं त्यांच्याबद्दल छापून आलं आहे.) त्या वेळी दोघांच्या सहवासाला एकोणीस वर्षं झाली होती, पण विवाहाच्या कायद्यात त्या नात्याला नाव नव्हतं. सरकारी आरोग्यविम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी समलिंगी जोडीदाराला भेटू द्यावं, अशी व्यवस्था करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी काढला तो एप्रिल २०१० मध्ये. ‘आत जाऊ द्या’ यासाठीसुद्धा राष्ट्राध्यक्षाची सही लागली!

बरं, पण लग्नासाठी सिअ‍ॅटलच का? घरच्या होनोलुलूत का नाही?

कारण अमेरिकेत लग्नाचा कायदा केंद्राचा नसतो, राज्याचा असतो. कोणी, किती वयात, कोणत्या परवान्यावर लग्न करायचं हे पन्नास राज्यं आपापलं ठरवतात. सिअ‍ॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला आणि ६ डिसेंबरपासून परवाने मिळायला लागले. त्याच दिवशीच्या मतदानात मेन आणि मेरीलँडनेही होकार दिला. त्याआधी एकाही राज्यात जनमताने असा विवाह मंजूर झाला नव्हता, कोर्टाने किंवा विधिमंडळाने केला होता. वॉशिंग्टनमध्ये आणखी एक सोय: तिथले रहिवासी असण्याची अट नाही. परवाना घ्या, तीन दिवस थांबा, लग्न करा. आपल्या विशेष विवाह कायद्याच्या तीस दिवसांच्या नोटिशीशी झुंजलेल्या जोडप्यांना हे वाचून हेवा वाटेल.

हवाईची गोष्ट मात्र जरा वेळ देऊन सांगण्यासारखी आहे, कारण या सगळ्याची ठिणगी तिथेच पडली होती. डिसेंबर १९९० मध्ये होनोलुलूत तीन समलिंगी जोडप्यांनी विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज केले. नकार आला, ती कोर्टात गेली. ५ मे १९९३ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं त्याचा तर्क फार साधा होता. अर्जदार बाईच्या जागी पुरुष असता तर तुम्ही परवाना दिला असता. म्हणजे तुम्ही तो नाकारताय तो निव्वळ ती बाई आहे म्हणून. म्हणजे हा लिंगावरून केलेला भेदभाव झाला. राज्यघटनेत त्याला मनाई आहे, तेव्हा भक्कम कारण दाखवा नाहीतर परवाना द्या.

निकालाने देश हादरला. हवाईत लग्न करून जोडपी आपापल्या राज्यांत परत येतील आणि आम्हाला ती लग्नं मानावी लागतील, या धास्तीने राजधानी वॉशिंग्टन डी.सी.त १९९६चा तो केंद्रीय कायदा झाला, ज्याने पुढे विंडसरबाईंना बिल पाठवलं. खुद्द हवाईतही १९९८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून, विवाह स्त्री-पुरुषांपुरता ठेवण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. मधल्या मध्ये १९९७ मध्ये राज्याने एक जोडकाम केलं होतं: ज्यांना कायद्याने लग्न करता येत नाही अशा दोघांनी नोंदणी करून काही हक्क घ्यावेत. त्यात समलिंगी जोडपं बसत होतं, तशी विधवा आई आणि तिचा मुलगासुद्धा! मग २०१२ पासून ‘सिव्हिल युनियन’ आलं, म्हणजे राज्यापुरते लग्नाचे सगळे हक्क, फक्त लग्न हा शब्द नाही. जेवण सगळं वाढायचं, पण पंगतीत बसू द्यायचं नाही, अशातलाच हा प्रकार.

नेबर्स ही सगळी वर्षं त्याच हवाईत राहत होते.

आता १५ जानेवारी २०१३ नंतरची त्यांची कायदेशीर स्थिती बघा. सिअ‍ॅटलमध्ये ते विवाहित. विमान होनोलुलूला टेकलं की हवाईच्या कायद्याने ते लग्न आपोआप ‘सिव्हिल युनियन’ धरलं जाणार. त्या राज्यात बाहेरून आलेल्या अशा लग्नांसाठी तशी तरतूदच होती. आणि केंद्र सरकारच्या नजरेत? काहीच नाही. दोन अविवाहित पुरुष, एका पत्त्यावर राहणारे. एकच जोडपं, एकच दाखला आणि तीन सरकारांची तीन उत्तरं. त्या दिवशी असं लग्न लावणारी राज्यं पन्नासपैकी फक्त नऊ होती, शिवाय राजधानी.

या गुंत्यातला केंद्राचा धागा पाच महिन्यांनी सुटला. २६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विंडसर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी १९९६च्या कायद्यातली ती व्याख्या रद्द केली. विंडसरबाई तेव्हा ८४ वर्षांच्या होत्या. ऑगस्टमध्ये कर खात्याने जाहीर केलं की आम्ही लग्न कुठे लागलं ते बघू, जोडपं राहतं कुठे ते नाही. या ओळीत सगळी मेख आहे. राहण्याचं ठिकाण धरलं असतं तर टेक्सासच्या जोडप्याला सिअ‍ॅटलच्या दाखल्याचा काही उपयोग नव्हता. लग्नाचं ठिकाण धरल्यामुळे एका प्रवासाने काम भागलं. मागे राहिलेल्या जोडीदाराला मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला आणखी एक मेख असते: लग्नाला साधारण नऊ महिने तरी झालेले असावे लागतात. ‘बघू सावकाश’ म्हणणं ऐंशीच्या पुढे का परवडत नाही, ते इथे कळतं.

हवाईने त्याच वर्षी २ डिसेंबरपासून समलिंगी विवाह सुरू केले. वीस वर्षांपूर्वी पहिला प्रश्न विचारणारं राज्य, उत्तर द्यायला मात्र पंधरावं. दहा महिने थांबले असते तर नेबर्स यांचं लग्न घरापासून चार पावलांवर झालं असतं. पण थांबायचं कोणाच्या भरवशावर?

उरलेल्या राज्यांचा प्रश्न २६ जून २०१५ला सुटला, तोही पाच विरुद्ध चार असा. त्या खटल्यातले जिम ओबर्गफेल यांचा जोडीदार असाध्य मज्जाविकाराने अंथरुणाला खिळलेला होता. ओहायोत लग्न होईना, म्हणून वैद्यकीय विमानाने मेरीलँडला गेले आणि धावपट्टीशेजारी उभ्या विमानातच लग्न लावून परतले. मागणी काय, तर मृत्यूच्या दाखल्यावर ‘जोडीदार’ या रकान्यात आपलं नाव असावं. एवढीच. त्या एका रकान्यासाठी देशाचा कायदा बदलला.

मरीन दलाचा किस्सा सांगायचा राहिला. पडद्यावरच्या गोमरवर मरीन दलाचा इतका जीव की त्यांनी नेबर्स यांना खरोखर मानद बढत्या दिल्या: २००१ मध्ये लान्स कॉर्पोरल, २००७ मध्ये कॉर्पोरल. दोन्ही वेळा अमेरिकी सैन्यात आपण समलिंगी आहोत असं उघड म्हणणाऱ्याला घरी पाठवत होते. तो नियम सप्टेंबर २०११ मध्ये संपला. सप्टेंबर २०१३ मध्ये नेबर्स मानद सार्जंट झाले. तोवर त्यांच्या लग्नाची बातमी सगळ्या देशाने वाचली होती.

आपल्याकडे हा विषय कुठवर आलाय, तेही याच चष्म्यातून बघता येईल. सप्टेंबर २०१८ मध्ये संमतीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांवरचा कलम ३७७ खालचा गुन्हा गेला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की विवाह हा घटनेतला मूलभूत हक्क नाही. निदान जोडीदारीला मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडून तेही नाकारलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडता येतं, नॉमिनीही लावता येतो. म्हणजे कागद मिळाला, किल्ली नाही. आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्याने याचिका केली ती पुन्हा कराचीच. आयकर कायद्यात नवऱ्याने बायकोला कितीही रकमेची भेट दिली तरी घेणाऱ्याला कर नाही. परक्याकडून वर्षाला पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त आलं तर कर. आम्ही एकमेकांचे परके कसे, हा त्यांचा प्रश्न. विंडसरबाईंनी विचारला होता तोच, फक्त रुपयांत.

नेबर्स यांनी लग्नानंतर ना मोर्चे काढले ना भाषणं केली. आपण कोणाच्या चळवळीत नाही, असंच ते म्हणत राहिले. मे २०१४ मध्ये इंडियानापोलिसला शेवटचं गाणं गायले आणि घरी परतले. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी होनोलुलूतल्या घरी ८७व्या वर्षी ते गेले. पत्रकारांना निधनाची बातमी त्यांच्या जोडीदाराने दिली. दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात वृत्तसंस्थांनी त्यांचा उल्लेख ‘मित्र’ किंवा ‘सहकारी’ असा केला नाही. ‘नेबर्स यांचे पती’ असा केला.